हरलेल्या बाजूची बाई

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा, जॉर्ज वॉशिंग्टन, फिलाडेल्फियातली ती तडा गेलेली घंटा आणि ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत हा धडा इतक्या वेळा घोकून घेतला होता की त्यातल्या सनावळ्या मला अजून तोंडपाठ आहेत. पण त्या धड्यात एक प्रश्न कधी आलाच नाही. सगळी अमेरिका राजाविरुद्ध उठली म्हणतात, मग जी माणसं राजाच्या बाजूने होती त्यांचं पुढे काय झालं?

अशी माणसं होती, आणि थोडीथोडकी नव्हती! इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे तिथल्या वसाहतींमधल्या गोऱ्या लोकांपैकी साधारण पाचवा हिस्सा इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ होता. त्यांना 'लॉयलिस्ट' म्हणत. मराठीत 'राजनिष्ठ' म्हणता येईल, पण आपल्याकडे त्या शब्दाला लगेच रावबहादूर-रावसाहेबांचा वास येतो, म्हणून मी आपलं लॉयलिस्टच म्हणणार आहे. युद्ध संपेपर्यंत त्यांतले सुमारे ६० हजार लोक देश सोडून कॅनडा, इंग्लंड, वेस्ट इंडीज असे कुठे कुठे पांगले. घरंच्या घरं दुभंगली. आपल्या पतंग आणि विजेवाल्या बेंजामिन फ्रँकलिनचंच घर बघा ना. त्याचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, तो राजाच्या बाजूने राहिला आणि बापलेकांचं पुढे कधीच नीट जमलं नाही.

ही झाली पुरुषांची गोष्ट. त्यांनी बाजू निवडली, त्यांनी ती भोगली. पण त्यांच्या बायकांनी कुठे काय निवडलं होतं? मला ज्या बाईबद्दल सांगायचंय तिचं नाव ग्रेस ग्राउडन गॅलोवे. तिने जून १७७८ ते सप्टेंबर १७७९ या काळात एक डायरी लिहिली. ती तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९३० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या एका इतिहासविषयक नियतकालिकात छापली गेली. स्पेलिंगचा पत्ता नाही, पूर्णविराम क्वचितच, वाक्यं एकात एक घुसलेली. पण काय बाई होती!

ग्रेसचा जन्म १७२७ च्या सुमाराचा. वडील लॉरेन्स ग्राउडन हे पेनसिल्व्हेनियातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक. बक्स काउंटीत 'ट्रिव्होस' नावाची त्यांची भली मोठी जमीनदारी होती, आणि ड्युरॅम इथल्या लोखंडाच्या कारखान्यातही भागीदारी होती. (मेकॅनिकलवाल्यांसाठी खास माहिती: लाकडी कोळशावर चालणारी ती भट्टी १७२७ सालची!) १७५३ मध्ये ग्रेसचं लग्न जोसेफ गॅलोवे या हुशार वकिलाशी झालं. घरी चांदीची चहाची भांडी, चार चाकांची बग्गी, फिलाडेल्फियात मार्केट स्ट्रीट आणि सिक्स्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मोठं घर. दुपारी एकमेकींकडे चहाला जाणं, येणाऱ्याजाणाऱ्यांचं स्वागत करणं, नोकरांवर देखरेख ठेवणं, मुलीला रीतभात शिकवणं, अशी त्या थरातल्या बायकांची दिनचर्या. फिलाडेल्फियातल्या अशा श्रीमंत घरांमध्ये राबणाऱ्यांत गुलामही असत, हे विसरून चालणार नाही. ग्रेसच्या मुलांपैकी एकच मुलगी मोठी होईपर्यंत जगली, एलिझाबेथ, लाडाचं नाव बेट्सी. १७७० मध्ये वडील गेले आणि त्यांच्या जमिनीजुमल्याचा मोठा वाटा ग्रेसकडे आला.

'ग्रेसकडे आला' असं मी लिहिलं खरं, पण इथेच खरी गोम आहे. कायद्याने तो ग्रेसकडे आला आणि त्याच कायद्याने त्याच क्षणी तिच्या नवऱ्याच्या हातात गेला. इंग्लंडच्या कायद्यात लग्न झाल्यावर नवरा-बायको ही एकच व्यक्ती मानली जायची, आणि ती एक व्यक्ती म्हणजे अर्थातच नवरा! अमेरिकेतल्या वसाहतींनी हाच कायदा उचलला होता. बायकोचे पैसे, दागिने, फर्निचर, बग्गी, भांडीकुंडी हे सगळं लग्नाबरोबर सरळ नवऱ्याच्या मालकीचं. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, कोर्टात दावा लावता येत नसे. जमिनीचं थोडं वेगळं होतं. बायकोची वडिलोपार्जित जमीन नवऱ्याला तिच्या संमतीशिवाय विकता येत नसे, पण तिचा ताबा आणि तिचं सगळं उत्पन्न मात्र त्याचं. हा शेवटचा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आपल्या फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलच्या भाषेत सांगायचं तर ही बाई नवऱ्याशी सिरीजमध्ये जोडलेली होती. तिकडचा बल्ब उडाला की हिच्याकडे करंट बंद. हिच्या बल्बची फिलामेंट कितीही शाबूत असो!

आणि तिकडचा बल्ब उडाला, तोही मोठा आवाज करून.

जोसेफ गॅलोवे साधासुधा माणूस नव्हता. १७६६ ते १७७४ तो पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाचा स्पीकर होता आणि फ्रँकलिनचा जवळचा दोस्त. १७७४ मध्ये पहिली काँटिनेंटल काँग्रेस भरली तेव्हा तो प्रतिनिधी म्हणून गेला. तिथे त्याने तडजोडीची एक योजना मांडली : अमेरिकेची स्वतःची एक परिषद असावी, राजाने तिच्यावर एक अध्यक्ष नेमावा, आणि वसाहतींबद्दलचे कायदे ही परिषद व ब्रिटिश पार्लमेंट या दोघांच्या संमतीने व्हावेत. सहा वसाहतींनी ती बाजूला ठेवायला मत दिलं, पाच वसाहतींनी तिच्या बाजूने. म्हणजे फक्त एका मताने! आणि नंतर तर ती नोंदवहीतूनही वगळण्यात आली. हे एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर काय झालं असतं याचा विचार करत बसायला मला फार आवडतं, पण ते पुन्हा कधीतरी.

१७७६ संपता संपता जोसेफ उघडपणे इंग्रजांना जाऊन मिळाला. २६ सप्टेंबर १७७७ ला इंग्रज फौज फिलाडेल्फियात शिरली. त्या तुकडीच्या अग्रभागी लॉर्ड कॉर्नवॉलिस होता. हो, तोच कॉर्नवॉलिस, जो पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल झाला, आणि १७९२ मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणपुढे ज्याच्या जोडीला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजा होत्या. जग तेव्हाही लहानच होतं म्हणायचं. तर, इंग्रजांनी शहराचा कारभार आणि पोलिसखातं जोसेफकडे सोपवलं. म्हणजे नऊ महिने तो शहराचा जवळजवळ मालकच. त्या नऊ महिन्यांत दुसऱ्या बाजूच्या लोकांना त्याचा किती राग आला असेल याची कल्पना करा.

मग जून १७७८ मध्ये इंग्रजांनी फिलाडेल्फिया सोडायचं ठरवलं. जोसेफला राहणं शक्यच नव्हतं. पेनसिल्व्हेनियाच्या नव्या सरकारने मार्च महिन्यातच कायदा करून त्याला नाव घेऊन देशद्रोही ठरवलं होतं. तो बेट्सीला घेऊन फौजेबरोबर न्यूयॉर्कला निघून गेला आणि ऑक्टोबरमध्ये दोघं इंग्लंडला. ग्रेस मात्र गेली नाही. पन्नाशी ओलांडलेली ही बाई एकुलत्या एका मुलीला नवऱ्याबरोबर पाठवून एकटी मागे राहिली, आणि तेही ज्या शहरात तिच्या नवऱ्याचं नाव उच्चारलं तरी लोक थुंकायचे तिथे.

का राहिली? हिशेब अगदी साधा होता. जमीन तिच्या वडिलांची. ती इथेच थांबली तर निदान म्हणता येईल की बाबांनो, पळून गेला तो नवरा, मी नाही. मुलीसाठी काहीतरी वाचेल. त्या काळात दोन्ही बाजूंच्या कितीतरी बायका अशाच मागे राहिल्या. पुरुष पळाला तरी बाई घर धरून बसली की घरावर हक्क राहतो, अशी सगळ्यांची समजूत होती.

नव्या सरकारची समजूत वेगळी होती. देशद्रोह्यांची मालमत्ता जप्त करायला त्यांनी एजंट नेमले होते. त्यांतला एक कोण असावा? चार्ल्स विल्सन पील! वॉशिंग्टनची इतकी चित्रं काढणारा तो प्रसिद्ध चित्रकार. त्याच्या बरोबरीला एक टोप्या बनवणारा आणि एक कथलाची भांडी घडवणारा. पील स्वतःही उमेदीच्या काळात घोड्यांची खोगिरं बनवायचा. म्हणजे पाहा, ज्यांच्याकडून ग्रेससारख्या घरांत वस्तू विकत घेतल्या जायच्या तेच लोक आता जप्तीचा कागद घेऊन दारात उभे! क्रांती म्हणजे काय हे मला लढायांच्या वर्णनांपेक्षा या एका प्रसंगात जास्त कळलं.

आधी ते येऊन सामानाची यादी करून गेले. मग २० ऑगस्ट १७७८ ला घर ताब्यात घ्यायला आले. ग्रेसने सगळी दारं आतून लावून घेतली होती. ते एकेक दार ढकलून बघत फिरले. शेवटी स्वयंपाकघराचं दार निवडलं आणि फरशी घासायच्या ब्रशने ते ठोकायला सुरुवात केली. ब्रशचे तुकडे झाले, पण दार उघडलं. आत अंधाऱ्या बोळकांडीत ग्रेस आणि सोबतच्या बायका उभ्या, बाहेरून धाड धाड आवाज, आणि हे आठ-दहा मिनिटं चाललं होतं असं ती लिहिते. आठ-दहा मिनिटं! घड्याळ लावून एकदा बघा किती वेळ असतो तो.

ते आत आल्यावर आधी बोलली ती ग्रेसच. वकिलांनी लिहून दिलेलं मत तिने पुढे केलं. पीलने ते वाचलं आणि आपणही कायदा पाहिलाय, आपलं बरोबर आहे असं सांगितलं. ती म्हणाली, जबरदस्ती केल्याशिवाय मी बाहेर पडणार नाही. त्यावर दुसरा म्हणाला, तुमचे कपडे रस्त्यावर फेकले की पडाल. मग त्याने जुना हिशेबही काढला. इंग्रजांच्या काळात आमच्या बाजूच्या बायकांनाही एका दिवसात अशीच शहराबाहेर काढली होती ना! म्हणजे जोसेफच्या कारभाराची किंमत जोसेफच्या बायकोकडून वसूल. शेवटी पीलने तिचा हात धरून तिला दारापर्यंत नेलं. दारात थांबून तिने तिथल्या सगळ्यांना साक्षी ठेवलं की मी स्वतःच्या मर्जीने घर सोडत नाहीये, मला बळाने काढलं जातंय. पायऱ्या उतरल्यावर बग्गीत चढायला पील मदत करू लागला तर तिने त्याला हात सोडायला सांगितलं, आणि सुनावलं की या पृथ्वीतलावर ज्या माणसाचे उपकार घ्यायची इच्छा नाही असा शेवटचा माणूस तू आहेस.

वाचताना हे सगळं फार नाटकी वाटतं. मलाही आधी वाटलं की बाई रागात काहीही करतेय. पण नीट पाहिलं तर यातली प्रत्येक गोष्ट कायद्यासाठी होती. ती आपणहून उठून गेली असती तर 'हक्क सोडला' असं झालं असतं. साक्षीदारांसमोर हात धरून बाहेर काढलं गेलं म्हणजे हक्क शाबूत. कोर्टात उभं राहण्याचा अधिकार नसलेल्या बाईने स्वतःच्या दारातच कोर्ट भरवलं! पीलबद्दलही एक सांगायला हवं. हे जप्तीचं काम आपल्याला मुळीच आवडत नव्हतं असं त्याने पुढे लिहून ठेवलंय. ते खरं असावं असं मला वाटतं, पण ग्रेसला त्याचा काय उपयोग?

ते घर पुढे पेनसिल्व्हेनियाच्या सरकारप्रमुखाच्या राहण्यासाठी वापरलं गेलं. ग्रेस डेबोरा मॉरिस नावाच्या क्वेकर मैत्रिणीच्या आधाराने गल्लीतल्या खोल्यांमध्ये राहू लागली. नोकरचाकर गेले, उत्पन्न बंद झालं. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं चहाला जायची त्यांतले बरेच लोक दिसेनासे झाले. कोण भेटायला आलं, कोण आलं नाही, कोण नीट बोललं नाही, हे ती डायरीत रोज टिपते. मला खरं सांगायचं तर काही पानांवर तिचा राग येतो. इतकी घमेंड! एकदा तर तिने विरुद्ध पक्षाच्या मंडळींसमोर हसून सांगितलं की मला लुबाडून घराबाहेर काढलंत तरी मी अजून जोसेफ गॅलोवेची बायको आणि लॉरेन्स ग्राउडनची मुलगीच आहे, मला खाली बघायला लावणं तुमच्या हातात नाही. पुन्हा बघा, स्वतःची ओळख सांगतानाही 'अमक्याची बायको, तमक्याची मुलगी'. तिच्याकडे दुसरे शब्दच नव्हते.

पण एक नोंद अशी आहे की तिथे तिचा राग करणं जमत नाही. रात्रीची वेळ, पाऊस पडतोय, ती कुणाकडून तरी पायी परत चाललीय. आणि शेजारून एक बग्गी निघून जाते. तिची स्वतःची बग्गी! आत दुसरंच कुणीतरी. तोपर्यंत ती स्वतःला सावरून असते. पण गल्लीत वळताना तिला बेट्सी आठवते. आपली आई एखाद्या साध्यासुध्या बाईसारखी रात्री पावसात पाच चौक चालत, गल्लीतल्या खोल्यांकडे जातेय हे बघून पोरीला काय वाटेल, या विचाराने तिचा बांध फुटतो. आता पाच चौक चालण्यात काय एवढं, असं आपण बसच्या रांगेत उभे राहणारे म्हणू. तिच्यासाठी मात्र तिचं सगळं जगच त्या पाच चौकांत सांडून गेलं होतं.

आणि याच डायरीत हळूहळू एक दुसराच सूर लागतो, जो मला अजिबात अपेक्षित नव्हता. नवरा गेल्याचं तिला फारसं दुःख नाही! जोसेफ तिच्याशी चांगलं वागत नव्हता, त्याने आपल्याला या अवस्थेत टाकलं, असं ती स्पष्ट लिहिते. आणि मग लिहिते की मनाला येईल ते करण्याची जी मोकळीक आता मिळालीय तिच्यामुळे ही गरिबीसुद्धा लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांपेक्षा बरी वाटते. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर! जवळच्याच इमारतीत दोन वर्षांपूर्वी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या होत्या. तो जाहीरनामा तिला मान्य नव्हता, त्याच्या विरोधातच ती उभी होती, आणि स्वातंत्र्य म्हणजे काय हे तिला भाड्याच्या खोलीत कळत होतं. हे तिने कुणाला सांगितलं नसावं. बाहेर ती शेवटपर्यंत गॅलोवेची अभिमानी बायकोच होती.

तिकडे विजयी बाजूच्या बायकांनाही काही वेगळं मिळालं नाही, हेही सांगायला हवं. ॲबिगेल ॲडम्सने मार्च १७७६ मध्येच नवऱ्याला, म्हणजे पुढे अध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सला, पत्र लिहून कळवलं होतं की नवे कायदे करताना बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हातात अमर्याद सत्ता देऊ नका. त्याने ते हसण्यावारी नेलं. राजा गेला, पण राजाच्या देशातला नवरा-बायकोचा कायदा जसाच्या तसा राहिला. पेनसिल्व्हेनियात लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिची स्वतःची मानणारा कायदा यायला १८४८ साल उजाडावं लागलं.

आता तो मघाचा मुद्दा, लक्षात ठेवा म्हटलं होतं तो. बायकोच्या वडिलोपार्जित जमिनीचा ताबा आणि उत्पन्न नवऱ्याचं, पण तो जिवंत असेपर्यंतच! सरकार देशद्रोह्याकडून जप्त करू शकत होतं ते त्याच्याकडे जेवढं होतं तेवढंच. म्हणजे फर्निचर, बग्गी, जोसेफच्या नावावरच्या जमिनी कायमच्या गेल्या. पण ग्राउडनांच्या जमिनीपुरता सरकारच्या हाती आला तो फक्त जोसेफच्या आयुष्याएवढा हक्क. एखाद्या भाडेकराराची मुदत असावी तसा. मुदत काय, तर जोसेफचा मृत्यू. तो मेला की जमीन परत ग्रेसची, ती नसली तर तिच्या वारसाची. ज्या कायद्याने तिला घराबाहेर काढलं त्याच्याच पोटात ही फट होती.

असे खटले युद्धानंतर बरीच वर्षं चालले. मॅसॅच्युसेट्समध्ये १८०५ साली ॲना मार्टिन या लॉयलिस्ट बाईच्या मुलाने आईची जप्त झालेली जमीन परत मिळवली. त्याच्या वकिलांचा युक्तिवाद ऐका : लग्न झालेल्या बाईने नवऱ्याच्या मागून जायचं असतं, तिला स्वतःचं राजकीय मतच नसतं, मग ती देशद्रोह करणार कशी? कोर्टाने निकाल मुलाच्या बाजूने दिला. जमीन मिळाली, पण आईला मत नव्हतं असं ठरवून मिळाली! जिंकली म्हणावं की हरली, मला ठरवता येत नाही. ग्रेसला असं काही ऐकवलं असतं तर तिने त्या वकिलांना पीलसारखंच सुनावलं असतं हे मात्र नक्की.

ग्रेसपुढे एक सोपा मार्ग कायम उघडा होता. न्यूयॉर्कमार्गे इंग्लंडला जाऊन मुलीजवळ राहायचं. बेट्सीची पत्रं महिनोन्‌महिने यायची नाहीत, आली की ती दिवसभर तेच घेऊन बसायची. तब्येत ढासळत होती. तरी ती हलली नाही. ती गेली असती तर 'हीसुद्धा पळाली' म्हणायला सरकारला निमित्त मिळालं असतं. मृत्युपत्रात तिने आपला वारसा बेट्सीसाठी ठेवला आणि फेब्रुवारी १७८२ मध्ये, तहावर सह्या होण्याच्या आधीच, ती फिलाडेल्फियात वारली. मायलेकींची जून १७७८ नंतर पुन्हा भेट झाली नाही.

जोसेफने १७९३ मध्ये पेनसिल्व्हेनियात परतण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. २९ ऑगस्ट १८०३ ला तो इंग्लंडमधल्या वॉटफर्ड इथे वारला आणि मुदत संपली. त्यानंतर ग्रेसची वडिलोपार्जित जमीन तिच्या मुलीच्या बाजूला परत मिळाली. मार्केट स्ट्रीटवरचं ते घर आता नाही. ट्रिव्होसचा दगडी वाडा मात्र पेनसिल्व्हेनियात बेन्सेलम इथे अजून उभा आहे, आणि पीलने काढलेली त्या क्रांतीतल्या थोर पुरुषांची चित्रं फिलाडेल्फियातल्या एका जुन्या बँकेच्या इमारतीत ओळीने लावलेली आहेत.